खत-औषधंच विकायची होती तर तत्त्वज्ञान कशाला शिकलास?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या लातुरात नीट-जेईई सोडून दुसरं काही कानावर पडत नाही, त्यात मी बीएला तत्त्वज्ञान घेतलं होतं म्हटलं की लोक वरचा प्रश्न आजही विचारायलेत. आता तर पोरं मिळत नाहीत म्हणून कॉलेजवालेच हा विषय बंद करायच्या गोष्टी करतात, म्हणून लिहितोय.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. सीझनला कंपनीचा कोणी ना कोणी माणूस नवीन टॉनिक घेऊन येतो आणि मोबाईलवर मागच्या वर्षीचं सोयाबीन दाखवतो, कमरेइतकं, शेंगांनी लगडलेलं. मी म्हणतो साहेब, फवारलेलं बघितलं, आता त्याच रानातली न फवारलेल्या चार ओळी दाखवा, बियाणं तेच, पेरणी त्याच दिवशीची, पाणी तेवढंच. बहुतेकांकडे तो फोटोच नसतो! नुसत्या चांगल्या पावसानंही सोयाबीन वाढतंच की. हा अन्वय-व्यतिरेक, म्हणजे कारण असलं की परिणाम होतो आणि नसलं की होत नाही हे ताडून बघणं, इंग्रज तत्त्वज्ञ मिलच्या कारण शोधायच्या पद्धती, सगळं तर्कशास्त्राच्या पेपरला होतं (गाईडमधून पाठ करून घेणार असाल तर मात्र विषय खरंच बंद करा).

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद खरं काय ते शोधायला, जल्प जिंकायला, आणि वितंडा म्हणजे आपली बाजू मांडायचीच नाही, समोरच्याचं नुसतं खोडत बसायचं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरक्षणाचा विषय निघाला की यातला पहिला प्रकार शोधून सापडत नाही. आमचे सर ज्याला देव-परलोक न मानणारा चार्वाक अजिबात पटत नाही त्यालाच चार्वाकाच्या बाजूनं बोलायला उभं करायचे, माळकरी घरातला पोरगा घामाघूम व्हायचा, पण खाली बसायच्या आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, असा मांडायचा की चार्वाक आला असता तर त्यानंही मान डोलावली असती.

यूपीएससीत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० मार्कांचा पेपर आहे, तत्त्वज्ञान ऑप्शनलही घेता येतं, हे पालकांना सांगितलं की त्यांचा चेहरा जरा खुलतो, पण मला ते कारण दुय्यम वाटतं. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत जे कॉलेज सुरू केलं त्याचं नाव मिलिंद, म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, आणि तो परिसर नागसेनवन. त्याच मराठवाड्यात प्रश्न विचारायला शिकवणारा विषय पटसंख्येवर जाणार असेल तर काय बोलावं.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यायची, सोय आहे. निदान तर्कशास्त्राचा एक पेपर बीएस्सी, बीकॉमच्या पोरांना ठेवून बघा, वर्ग भरतो का नाही ते कळेल. सर रिटायर झाले की जागा रिकामीच राहते, म्हणून विद्यापीठानं हे पुढच्या ॲडमिशनच्या आत ठरवावं ही विनंती.

आपला,
एक कृषी सेवा केंद्र चालक, लातूर