नव्या शिक्षकांचे पहिले पंधरा दिवस

महोदय,

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि नवा शिक्षणसेवक थेट वर्गासमोर उभा राहतो. पुढे वर्षानुवर्षं मनाला लागून राहतात अशा बऱ्याच चुका याच पंधरा दिवसांत घडतात. त्या ठरलेल्या आहेत, म्हणून टाळताही येतात.

वजाबाकीच घ्या. 42 वजा 17 या उदाहरणाचं उत्तर कित्येक मुलं 35 लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात. हा निष्काळजीपणा नव्हे. मुलानं स्वतःपुरता एक नियम बसवला आणि प्रत्येक उदाहरणात तोच इमानानं वापरला. लाल फुलीनं तो नियम मोडत नाही. ‘कसं केलंस, सांग’ एवढं विचारलं की अर्ध्या मिनिटात सगळं कळतं. मग दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात. एक गठ्ठा त्यानंच सोडावा, बारा सुट्या मोजाव्यात, त्यातून सात काढाव्यात. फळ्यावरचा हातचा त्यानंतर.

दुसरी चूक घाईची. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं 1970च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलती होतात. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव, हा क्रम पाळावा. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग मोकळा होतो. ‘समजलं का?’ तर विचारूच नये. त्यावर ‘हो सर’ हे एकच उत्तर येतं.

‘मी जेवून राहिलो’ म्हणणाऱ्या मुलाला मधेच तोडून ‘जेवतोय म्हण’ सांगणं याहून वाईट. नागपूरच्या घराघरांतली ही बोली. मूल भाषा सुधारत नाही, बोलणं बंद करतं. पूर्ण ऐकावं, लेखी भाषा लेखनाच्या तासाला शिकवावी. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नं छडीइतकाच मानसिक छळही निषिद्ध केला आहे. भर वर्गात ‘ढ’ म्हणणं त्यातच मोडतं, हे नव्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांना विनंती आहे, की पहिले पंधरा दिवस किती धडे झाले हे विचारू नये. प्रत्येक मुलाला काय वाचता येतं, कुठली वजाबाकी अडते, एवढंच वहीत मागावं. नव्या शिक्षकाकडे पहिलीचा वर्ग देऊ नये. जुन्या शिक्षकानं आठवड्यातून एक तास मागच्या बाकावर बसावं आणि दोनच गोष्टी टिपाव्यात: कोणती मुलं बोलली, आणि प्रश्नानंतर शिक्षक किती थांबले. त्यावर दहा मिनिटं, दोघांतच, बोलावं. मुख्याध्यापकांपुढे नको, नाहीतर नवा शिक्षक अडचणी झाकायला शिकेल.

— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर