रेशनच्या तांदळातले ‘प्लॅस्टिक’चे दाणे

संपादक साहेब, आमच्या जत भागात अजून बायका रेशनचा तांदूळ निवडताना जरा वेगळे दिसणारे दाणे प्लॅस्टिकचे म्हणून काढून टाकतात, परवा आईनं पण चिमूटभर बाजूला काढून कोंबड्यांना टाकले. अहो ते प्लॅस्टिक नाही, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड, बी १२ घालून मशीनवर केलेले दाणे आहेत, शंभराला एक असे मिसळलेले, आणि अशा मिसळलेल्या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं. नेमकं तेच आपण फेकतोय! आणि खाल्लं तरी जेवणावर लगेच चहा घेतला की लोह नीट अंगी लागत नाही, लिंबू पिळून खाल्लं तर जास्त लागतं. रेशन दुकानात हे सांगणारा साधा मराठी बोर्ड तरी लावा, थॅलेसेमियावाल्यांनी (अंगात लोह साठू शकतं असा रक्ताचा आजार) डॉक्टरला विचारूनच खावं हे पण त्यावर मोठ्या अक्षरात पाहिजे.

– एक वाचक, जत (जि. सांगली)