काशी सहल : अस्सी-लंका भागासाठी सूचना

सभासदांनी उद्या पहाटे ५ वाजता अस्सी घाटाच्या पायऱ्यांवर जमावे. घाट पूर्वाभिमुख आहेत; उशीर झाला तर सूर्योदय हुकेल, उरेल फक्त ऊन.

इथे गंगा उत्तरेला वाहते. मणिकर्णिका घाटाकडे जाताना होडी प्रवाहाबरोबर, परतताना उलट. वेळ जास्त लागतो. म्हणून भाडे जाऊन-येऊनचेच ठरवा, नाहीतर मणिकर्णिकेपाशी घासाघीस होते. अहिल्याबाई, शिंदे, भोसले हे आपले घाट याच वाटेवर.

संकटमोचन मंदिरात मोबाइल चालत नाही, खोलीवरच ठेवा. मंगळवारी-शनिवारी रांग मोठी असते.

हिंदू विद्यापीठाचे (स्थापना १९१६) सिंहद्वार लंका भागात. विद्यापीठातले विश्वनाथ मंदिर तिथून बरेच आत आहे. ज्येष्ठांनी ई-रिक्षाच करावी. भारत कला भवन या विद्यापीठाच्या संग्रहालयातली लघुचित्रे चुकवू नका, मात्र विद्यापीठाच्या सुट्टीला ते बंद असते.