बादलीतलं मीठ आणि बरणीवरची सूचना

महोदय,

एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. रात्री पाय इतके सुजायचे की बूट निघत नसत. आई घंगाळात ऊन पाणी ओतून मूठभर खडेमीठ टाकायची. परवा सूनबाईंनी ‘बाथ सॉल्ट’ची गुलाबी बरणी आणली. लेबल वाचलं तर आत एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, शिवाय रंग आणि लव्हेंडरचा वास! साधं एप्सम सॉल्ट औषधांच्या दुकानातही मिळतं. (खताच्या दुकानातलं मात्र अंघोळीला नको.) बाथटब आहे कोणाकडे? अर्धी बादली कोमट पाणी, अर्धी वाटी एप्सम सॉल्ट, त्यात पाय १५ मिनिटं, झालं. कातडीतून मॅग्नेशियम अंगात मुरतं म्हणतात, त्याला भक्कम पुरावा नाही. बरं वाटतं ते बहुधा ऊन पाण्यानंच. आमच्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर कोण मीठ टाकायला जातं?

मधुमेहात पाय बधिर होऊ शकतात, म्हणून मधुमेह असलेल्यांनी मात्र पाणी आधी कोपरानं, नाहीतर घरच्या माणसाकडून तपासून घ्यावं. आमच्या शेजाऱ्यांना तळपायाला चटका बसलेला कळलाच नाही; फोड भरायला दोन महिने लागले. त्या गुलाबी बरणीवर ही सूचना मला भिंग लावूनही सापडली नाही.

– एक निवृत्त वाहक, दापोली