मिस्त्रींविषयी

बेळगाव

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी एवढेच सांगू शकले की आमच्या पॅटर्न शॉपचे मिस्त्री गेले. सोमवारी पहाटे त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते. राहिलेले लिहून कळवते आहे, कारण मी उद्यमबागेतल्या फौंड्रीत नोकरीला लागले तेव्हा मुलीचा तिथे निभाव लागेल का, ही काळजी तुम्हा दोघांना होती, आणि तो लागला तो पुष्कळसा या माणसामुळे.

बाबा, तुम्ही एकदा विचारले होते की लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्याचा ठसा वाळूत उमटवून साचा करतात तो नमुना, आणि त्यावरून ओतलेली लोखंडी वस्तू यांचे माप एकच असते का. नसते. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. शिवाय तो वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो आणि जिथे पुढे मशिनिंग व्हायचे तिथे जादा जाडी सोडावी लागते. हे मी पुस्तकात शिकले होते. मिस्त्रींच्या ते बोटांत होते. मुरलेल्या सागवानाचा पॅटर्न पूर्ण झाला की ते डोळे मिटून आतल्या प्रत्येक कोपऱ्यावरून अंगठा फिरवीत, आणि कुठे जराशी धार लागली तरी तो पुन्हा भरून गोल करीत. तीक्ष्ण कोपऱ्याशी वाळू ढासळते आणि लोखंडाला तडा जातो, हे कारणही ते न कंटाळता प्रत्येक नव्या पोराला सांगत.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत पंपाच्या बॉडीचे कास्टिंग एकामागून एक रिजेक्ट होऊ लागले. फ्लँजजवळ आत पोकळी निघत होती. वाळूत पाणी जास्त झाले असे ठरवून सगळा दोष चंदगडकडून येणाऱ्या, वाळूचे साचे करणाऱ्या एका तरुण मोल्डरवर ढकलण्यात आला आणि त्याची नोकरी जाण्याची वेळ आली. मिस्त्रींनी एक रिजेक्ट पीस कापायला लावला आणि मला जवळ बोलावून पोकळीच्या आत बोट घालायला सांगितले. आतली भिंत खरखरीत, दाणेदार होती. ते म्हणाले, "वाफेचे भोक आतून गुळगुळीत असते, ताई. ही जागा जाड आहे, शेवटी गोठते, आणि तोवर तिला पाजायला रस उरत नाही." रायझरची, म्हणजे गोठताना जादा रस पुरवणाऱ्या भागाची, जागा चुकली होती, ती त्यांनी पॅटर्नवरच बदलून दिली. एवढ्यावर न थांबता ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्या मोल्डरला समोर उभे करून, या पोराचा यात काही दोष नाही, असे सर्वांदेखत बोलले. माणसाची बाजू घ्यायची तर आधी पुरावा हातात घ्यावा, हे मला त्या दिवशी दिसले. आज क्वालिटीच्या टेबलावर माझी सही होते, ती मी पीस कापून पाहिल्याशिवाय करत नाही.

ते बैलहोंगलकडचे, घरात कन्नड. माझ्याशी मात्र बेळगावी मराठीत बोलत. आई, तुला त्यांची बायको आठवत असेल, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांनी पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिस्त्री आधी फर्नेसवरच्या लोकांना वाटत आणि मग स्वतः बसत. भट्टीपुढे आठ तास उभा राहणारा आधी जेवला पाहिजे, असे ते म्हणत, आणि त्यात कुणाची जातपात किंवा भाषा त्यांनी कधी पाहिल्याचे मला आठवत नाही.

अंत्यविधीला आम्ही बहुतेक सगळे गेलो होतो. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे कपाळाला विभूती लावून, बसलेल्या स्थितीत, शेतातच समाधी दिली. तो मोल्डर आता स्वतः लाइन सांभाळतो; तो मुलांसारखा रडला. मला तिथे रडू आले नाही, ते दुसऱ्या दिवशी पॅटर्न शॉपमध्ये त्यांचा अर्धवट राहिलेला पॅटर्न पाहून आले. तो पूर्ण करायला त्यांच्या हाताखालचा मुलगा तयार आहे. मापे तपासायला मी त्याच्यासोबत बसणार आहे.

अकराव्या दिवशी त्यांच्या गावी शिवगणाराधना आहे. बाबा, तुमचे गुडघे प्रवासाला साथ देत असतील तर आदल्या संध्याकाळी खानापूरहून बेळगावला या, मी स्टँडवर घ्यायला येईन आणि सकाळी आपण मिळून जाऊ. आई, तुला येणे जमणार नसेल तर अक्कांना दोन ओळी लिहून बाबांबरोबर दे. त्यांना मराठी वाचता येते.

तुमची लेक