घरकुलाच्या टिनाखाली एक दुपार काढा

मा. ग्रामविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर येतं. पारा ४५-४६ला गेला की बातमी होते. पण तो पारा सावलीतला. घरकुलाच्या टिनाखाली दुपारी दोनला किती असतो, ते कोणी मोजत नाही. त्या वेळी आमच्या गावचे लोक घरात नसतातच, कडुनिंबाखाली बसलेले असतात. बाळंतिणीला मात्र झाडाखाली जाता येत नाही.

घरकुल वाईट, असं माझं म्हणणं नाही. मी कुडाच्या भिंतीच्या, कवेलूंच्या घरात वाढलो. ते घर थंड होतं, चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून निघून जायचा. पण दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरावे लागत आणि माकडांची टोळी एकदा वरून गेली की फेरलेले अर्धे फुटत. आता फेरणारे हातही राहिले नाहीत. म्हणून लोकांनी टिन आनंदानं घेतलं. पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. स्लॅबला पैसा पुरत नाही. मग टिनच.

हेच टिन पौषात पहाटे आतून दव धरतं आणि अंथरुणावर टपटपतं. म्हाताऱ्यांचा दमा तेव्हाच उसळतो. त्यात सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटते, आणि टिनाला कवेलूंसारख्या फटी नसतात.

गेल्या उन्हाळ्यात बचत गटाच्या बायांनी चुना भिजवला, त्यात फेविकॉल कालवलं आणि झाडूनं टिनांवर दोन-दोन हात मारले. "लगीन हाय का घरी?" म्हणून लोक हसले. काही घरांत बुरडाकडून तट्टे आणून टिनाखाली वीतभर अंतर सोडून बांधले, वरच्या त्रिकोणी भिंतीत दोन-दोन विटा काढून जाळी बसवली. त्या घरांत दुपारी लेकरं झोपू लागली, तेव्हा हसणारेच चुना मागायला आले. मृगाच्या पहिल्या सरीत तो चुना बराचसा वाहून गेला, हेही सांगतो. टिकाऊ पांढरा रंग मिळतो, पण तो गटाच्या पैशात बसत नाही.

आणि तुमच्या अंदाजपत्रकातही बसत नाही. चौथरा झाला, फोटो काढा. छप्पर पडलं, फोटो काढा. हप्ता फोटोवर सुटतो. आत माणूस बसू शकतो का, हे फोटोत दिसत नाही. राजुऱ्यावरून पुढं गेलं की तेलंगणा लागतं. त्या सरकारनं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण आणलं. त्यांचं ऊन आमच्यापेक्षा वेगळं नाही.

मागणी मोठी नाही. टिनाच्या प्रत्येक घरकुलाला पांढरा रंग, आतून तट्ट्याचं छत आणि धुराला वाट, एवढं अंदाजपत्रकात धरा. ते काम गावच्या बचत गटाला आणि बुरडाला द्या, बाहेरच्या ठेकेदाराला नको. आधीच बांधलेल्या घरांनाही हे लागू करा, कारण खरी होरपळ तिथंच आहे.

दौरा ठेवाल तर मे महिन्यात ठेवा, आणि दुपारचा. चुना लावलेलं एक आणि न लावलेलं एक, अशी शेजारशेजारची दोन घरं आम्ही दाखवू. चहा न लावलेल्या घरात घेऊ.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, जि. चंद्रपूर