सूचना : पट्टा पडल्यावर येणाऱ्या बायांसाठी

सर्व ताई आणि दादा,

साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागले, म्हणजे गाळप हंगाम संपायला लागला, की बीड, परभणी, जालन्याकडे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या परततात. उसाच्या फडात नवऱ्याचा मार खाल्लेली बाई गावात आल्यावर तोंड उघडते. दर वर्षी हेच दिसतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

बाई दारात आली की आधी पाणी, जेवण, लेकरांना झोपायला जागा. "नवऱ्याची उचल फिटायची आहे, केस केली तर मुकादम दारात येईल" (उचल म्हणजे मुकादमाकडून, टोळीच्या ठेकेदाराकडून, आधी घेतलेले पैसे) ही भीती तिला खरीच असते, ती उडवून लावू नका. उचलीचा हिशेब वेगळा, मारहाण वेगळी, हे शांतपणे समजावा.

तक्रार सासरच्याच तालुक्यात करावी लागते, असं अजूनही काही ठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे ती सध्या जिथं राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून घटना अहवाल (मारहाणीची लेखी नोंद) भरून घ्या. वकील मोफत मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

रात्री-अपरात्री 181 (महिला हेल्पलाइन) किंवा 112 (तातडीची मदत) लावा. लेकरू एकटं सापडलं तर 1098 (चाइल्ड हेल्पलाइन). स्टँडवर पथारी टाकलेलं कुटुंब दिसलं तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, त्यातल्या बाईचं नाव-गाव तर मुळीच नाही. नवऱ्यापर्यंत पत्ता असाच पोचतो.

सखी केंद्रात (हिंसा सोसलेल्या बायांसाठीचं सरकारी मदत केंद्र) मुक्काम थोड्याच दिवसांचा असतो. पुढच्या निवाऱ्याची खटपट पहिल्याच दिवशी सुरू करा.